तिला सांगितलंस, मला नाही

सगळ्यांनी डोळे मिटले होते, आणि मी हळूच एक उघडला होता.

ऑफिसच्या वरच्या मजल्यावरचा तो मोठा हॉल. एरवी तिथे टार्गेटची भाषणं होतात. त्या दिवशी खुर्च्या गोल मांडलेल्या, पडदे ओढलेले आणि मधोमध यमुताई. सुती साडी, आखूड कापलेले पांढरे केस, आणि आवाज असा की भांडायला आलेला माणूसही जांभई देऊन परत जावा. डिसेंबरात अकाउंट्सचे मधुकरराव भर मीटिंगमध्ये चक्कर येऊन पडले आणि कंपनीला एकाएकी आमच्या मनाची आठवण झाली. यमुताई मानसशास्त्र शिकलेल्या, वर्षानुवर्षं समुपदेशन केलेल्या. आता दर बुधवारी त्या आमच्यासाठी शहराबाहेर, मिहानच्या ऑफिसपर्यंत येणार होत्या.

"श्वास आत येतोय... येऊ द्या. बाहेर जातोय... जाऊ द्या."

माझा श्वास काही माझं ऐकत नव्हता. मी विम्याच्या तक्रारी घेते. दिवसभर परदेशातली माणसं कानात ओरडतात आणि मी गोड आवाजात 'आय अंडरस्टँड' म्हणते. संध्याकाळी जबडा इतका दुखतो की आईनं केलेली भाकर चावत नाही. तर घड्याळ बघावं म्हणून मी एक डोळा उघडला... आणि समोरच्या खुर्चीतला एक डोळा माझ्याकडेच बघत होता.

एकच. दुसरा त्यानं अगदी शिस्तीत मिटलेला.

मी झटकन डोळा मिटला. थोड्या वेळानं पुन्हा उघडला. तो अजून तिथेच! मग तो डोळा सावकाश मिटला आणि त्याच्या शेजारचा उघडला. मला हसू फुटलं. मी त्याचा खोकला करायला गेले आणि खरंच ठसका लागला.

बाहेर पडताना मागून आवाज आला. "खोकला बरा आहे का मॅडम?"

"तुम्ही डोळे काहून उघडे ठेवले होते?"

"डोळे नाही, डोळा. अर्धा नियम पाळला मी."

उंच, सावळा, बाह्या दुमडलेला. क्लेम्सचा नवा टीम लीड. सगळे त्याला केजी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

"केजी म्हणजे काय पण?"

"किलो."

"किती किलो?"

"हे पहिल्याच दिवशी विचारत नसतात," तो म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला. दार बंद होईपर्यंत एकाच डोळ्यानं हसत होता.

संध्याकाळी कळलं की आमची कंपनीची बसही एकच. तो जरीपटक्याला खोलीवर राहायचा. मी शेवटच्या थांब्यापर्यंत, कोराडीला. बाबा पॉवर स्टेशनात आहेत, आम्ही कॉलनीत राहतो. दुसऱ्या दिवसापासून खिडकीची जागा माझ्यासाठी धरलेली असायची. त्यावर त्याची बॅग, बॅगेवर त्याचा हात.

"बाजूच्या बाईनं मागितली होती जागा," तो सांगायचा. "मी म्हटलं, इथं पेशंट बसते. खोकल्याची."

असं ते सुरू झालं. नाव न घेता, हळूच... जानेवारीतलं ऊन चढतं तसं.

तिसऱ्या बुधवारी यमुताईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. "आज नुसतं ऐकायचं. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, 'अरेरे'सुद्धा नाही. आणि ऐकलेलं या दाराबाहेर न्यायचं नाही."

माझ्या चिठ्ठीत केजी निघाला! मी चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला.

त्यानं पाच मिनिटं मला त्याच्या घरमालकिणीचा पोपट सांगितला. तो पोपट म्हणे पहाटेच याच्या आवाजात ओरडतो, 'हॅलो, केजी हिअर!' आणि मालकीण उठून, फोन आला समजून, याचं दार बडवते. हसायची मनाई नव्हती म्हणून बरं. मी इतकी हसले की यमुताईंनी वळून पाहिलं.

मग माझी पाळी. मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. जबड्याचं बोलले. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेचं, लहानपणी त्यावर बोटानं नाव काढायचे त्याचं. एक गिऱ्हाईक बाई रोज फोन करते, तिला तक्रार नसतेच, एकटी असते, आणि तिचा फोन ठेवताना मला रडू येतं... त्याचंही. तो पूर्ण वेळ हललाही नाही. नजर माझ्या चेहऱ्यावर, अशी की जणू कुणी दिवा धरून बसलंय. आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कोराडीची धुराडीसुद्धा मला देखणी वाटली. आता हसा.

पुढच्या बुधवारी त्याच्या चिठ्ठीत मयुरा निघाली.

मयुरा ट्रेनिंग विभागाची प्रमुख. शहरातल्या उच्चभ्रू धरमपेठेतली, स्वच्छ शुद्ध बोलणारी. तिच्या तोंडून कधी चुकूनही 'मले-तुले' निघत नाही. केस असे की वारासुद्धा तिच्या परवानगीनं येत असावा. माझ्या वाट्याला रोहित आला. तो पाच मिनिटं उकडलेल्या अंड्यांमधल्या प्रोटीनवर बोलला. मी नियमाप्रमाणे गप्प होते, पण ऐकत नव्हते. मी पलीकडे बघत होते.

केजी हसवत नव्हता. पुढे वाकला होता. दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबलेले... आणि खांदे हलत होते. तो रडत होता. समोर मयुरा पुतळ्यासारखी, आणि तिचे डोळे भरलेले.

मला पोपट. तिला अश्रू.

माझ्या आत काहीतरी चर्र झालं, गरम तव्यावर पाणी पडावं तसं.

चहाच्या मशीनपाशी मी तिच्या मागेच उभी होते. ती त्याला हळूच म्हणाली, "कवडू, साखर कमी घे रे."

कवडू! म्हणजे 'के' चा अर्थ तिला ठाऊक झाला होता. महिनाभर बसमध्ये शेजारी बसून मला 'किलो' आणि तिला पाच मिनिटांत आख्खं नाव! ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही म्हणे. मी मनातल्या मनात यमुताईंकडे तिची तक्रार करून टाकली.

दुसऱ्या दिवशी आईनं डब्यात सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, दिली होती. केजीला सांबारवडी म्हणजे जीव की प्राण, हे आईलाही माहीत होतं. दोन जास्तीच्या घातल्या होत्या तिनं. जेवणाच्या सुट्टीत तो समोर येऊन बसला. मी डबा उचलला आणि आख्खा रोहितपुढे ठेवला.

"घे ना रोहित. प्रोटीन नाही त्यात, पण चव आहे."

संध्याकाळी बसमध्ये खिडकीच्या जागेवर बॅग होती, बॅगेवर हात होता. मी तिथून सरळ पुढे गेले आणि मागच्या बाकावर एचआरच्या दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसले. जरीपटक्याला उतरताना तो मागे वाकून म्हणाला, "प्रमो, काही झालं का वं?"

"नाही."

"मग वड्या रोहितले देऊन राहिली होती..."

"तुम्हाले काय करायचं? तुम्ही साखर कमी घ्या."

"साखर?" त्याला काहीच कळलं नाही. बस सुटली. मागच्या काचेतून दिसत होता, रस्त्याच्या कडेला तसाच उभा. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आणि मग तो बुधवार. मी चिठ्ठी उघडली. मयुरा.

आम्ही समोरासमोर बसलो. तिनं आधी बोलायचं होतं. तिनं ओढणीचं टोक सारखं केलं, आणि तिचा तो शुद्ध आवाज पहिल्यांदाच अडखळला.

"माझं लग्न मोडलं, ते सगळ्यांना माहितीये. मी छान सावरले, असंही सगळ्यांना वाटतं. मी रोज सकाळी ऑफिसचा चेहरा लावते... आणि घरी जाऊन काढते. मागच्या आठवड्यात कुणीतरी माझ्यासमोर चेहरा काढून बसलं. मला वाटलं, मलाही येईल तसं. तेव्हापासून तो मला... आवडायला लागलाय. त्याच्या मनात काही नसेलही. पण शनिवारी मी त्याला विचारणार आहे."

मी जीभ दातांखाली धरली. प्रश्न नाही. सल्ला नाही. अरेरे नाही.

घंटा वाजली. माझी पाळी.

ती वाट बघत होती, आणि तिच्या नजरेत काही म्हणजे काही खोटं नव्हतं, हाच तर वैताग होता. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"मी तुझ्यावर जळते."

तिच्या भुवया उंचावल्या. पण बोलायची मनाई.

"तुझ्या केसांवर जळते. तुझ्या बोलण्यावर जळते. तो तुझ्यासमोर रडला म्हणून जळते. मले त्यानं पोपट सांगितला मयुरा, पोपट! मले वाटत होतं तो माझा आहे. मी त्याले कधी म्हटलं नाही, त्यानं मले कधी म्हटलं नाही, पण बसमधली खिडकी तं माझी होती ना... अन् तू वाईट असती तं बरं झालं असतं. तू वाईट नाहीस. म्हणून आणखी जळते."

ओठ गच्च मिटून ती ऐकत राहिली. घंटा होताच तिनं मोठ्ठा श्वास सोडला.

"बाई गं! गप्प बसणं इतकं कठीण असतं?" आणि मग, जरा थांबून, "त्यानं मला काय सांगितलं, ते मी तुला नाही सांगणार."

"मी विचारलं का?"

"नाही. पण डोळे विचारतायत." ती उठली. "आणि प्रमोदिनी, मी शनिवारी विचारणारच आहे हं. तुझ्यासाठी थांबणार नाही."

"नको थांबू," मी म्हटलं.

शनिवार यायच्या आधी शुक्रवार आला, आणि शुक्रवारी अवकाळी आली. दुपारीच अंधारलं. आधी वारा, मग पार्किंगच्या पत्र्यांवर ताडताड गारा. सगळं ऑफिस काचेपाशी धावलं, मोबाइल उंचावून. मीही गेले, पण मी गारा नाही बघितल्या. मी केजीची खुर्ची बघितली. रिकामी. मग मयुराची बघितली. तीही रिकामी.

झालं. शनिवारची वाटसुद्धा नाही पाहिली हिनं!

मी चहाच्या खोलीत गेले. नाहीत. गच्चीच्या दाराशी गेले. नाहीत. उरला तो मागचा जिना, आग लागली तर उतरायचा. तिकडे एरवी कुणी फिरकत नाही. जड दाराला कान लावला. आत कुणाचा तरी श्वास... भराभर, तुटक. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी दार धाडकन ढकललं.

तो एकटाच होता.

पायरीवर बसलेला, भिंतीला टेकून. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम. एक हात छातीवर. दोन पायऱ्या खाली त्याचा फोन पडला होता आणि तिथेच थरथरत वाजत होता.

"जा..." त्याला बोलवत नव्हतं. "प्रमो, जा ना. पाहू नको."

"डॉक्टरले बोलावू का?"

त्यानं मान हलवली. "दाखवलं... आधीच. हार्ट चांगलं आहे. घाबरण्याचा झटका आहे हा... उतरते थोड्या वेळानं."

माझ्या जिभेवर 'आय अंडरस्टँड' येऊन उभं होतं, सवयीनं. मी ते गिळलं. खाली वाकून तो फोन उचलला, बंद केला आणि त्याच्या शेजारी बसले. हात नाही धरला. काही बोलले नाही. जिन्याच्या झरोक्यातून गारांचा आवाज येत होता, एखादी आत उडून पायरीवर यायची, आणि आम्ही दोघं ती विरघळताना बघायचो. हळूहळू त्याचा श्वास लांब व्हायला लागला.

"लीड झालो तेव्हापासून," तो आपणहूनच बोलला. "केव्हाही फोन येते. जेवताना, आंघोळीत, पहाटे. आता दुसऱ्याचा वाजला तरी छाती आवळते. पोपटानं आवाज काढला तरी."

तो पोपट. आणि मी किती हसले होते.

"घरी माहीत आहे?"

"घरी काय सांगू वं? आई गावात, सगळ्या कुहीत सांगत फिरते, आमचा कवडू एसीत बसते. बाबा चिखलात उभे राहून धान लावतात, त्यांचा श्वास नाही अटकत. अन् मी थंडगार खुर्चीत बसून..." त्यानं चेहरा भिंतीकडे वळवला. "लाज वाटते."

"कवडू," मी म्हटलं.

पहिल्यांदाच. त्यानं वळून पाहिलं.

"हे तू मयुराले सांगितलं. मले नाही."

"हो."

"काहून?"

बोटांची नखं बघत तो म्हणाला, "तिले काय वाटन, याची मले फिकीर नव्हती. तिच्यासमोर रडलो, उठलो, चहा पिलो. नावही सांगून टाकलं. तुझ्यासमोर रडलो असतो तं... दुसऱ्या दिवशी बसमधे तू माह्याकडे कशी पाहशील? बिचारा म्हणून? तू हसली ना, की दिवसभराचं सारं उतरत होतं. ते गेलं असतं तं मी काय केलं असतं? मले बिचारा नव्हतं व्हायचं प्रमो. मले तुझा..."

आणि थांबला.

माझे डोळे भरून आले होते. पण त्याहून आधी खरं बोलणं भाग होतं.

"एक सांगू? मी तुले पाहायले नाही आली इथं. मयुराची खुर्ची रिकामी दिसली. मी तुम्हाले दोघाले पकडायले आली होती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, डोकं भिंतीला टेकवून, जिनाभर घुमेल असा. आणि हसता हसता त्यानं छाती भरून श्वास घेतला, पूर्ण, तळापर्यंत.

"म्हणून रोहितले वड्या!"

"म्हणूनच."

"अन् साखर!"

"आता हसू नको गा. बोल आधी... तुले माझा काय व्हायचं होतं?"

"जे तू म्हणशील ते."

"मी काही म्हणत नाही. तूच म्हण."

त्यानं म्हटलं. ते मात्र मी या जिन्याबाहेर नेणार नाही.

मयुरा त्या वेळी खाली गेटपाशी होती, गारांत अडकलेल्या आईला फोन करत. परतल्यावर तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिला विचारावं लागलं नाही. बेसिनपाशी ती कितीतरी वेळ हात धूत राहिली.

"म्हणजे शनिवारचं उत्तर मला आजच मिळालं."

"मयुरा..."

"आत्ता काही बोलू नकोस. काही दिवस मला तोंडही दाखवू नकोस." आरशातून तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग ये. आणि डबा घेऊन ये. त्या वड्या मी बघितल्यात."

कवडूनं यमुताईंनी सुचवलेल्या डॉक्टरकडे जायला सुरुवात केली, आणि सुट्टी टाकून कुहीला गेला. घरी गेल्यावर त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. रात्रीच्या जेवणानंतर, अंगणात. मला फोनवर सांगताना त्याचा आवाज ओला होता. "मले वाटलं, म्हणतील, आम्ही नाही का खपत? त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, ज्या साली तुझ्या आजाचा जीव गेला, त्या साली माझाही असाच अटकत होता. मी कोणाले सांगितलं नाही. तू सांगितलं, बरं केलं."

महिन्यानं तो परतला तेव्हा गालांवर ऊन चढलं होतं आणि पुरी झालेली झोप डोळ्यांतून दिसत होती. शनिवारी तो बसनं आला नाही, मोटरसायकलवर आला. "चाल, कोराडीपर्यंत सोडतो." वाटेत कोळशाच्या ट्रकांमागून हळूहळू आलो. कॉलनीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर त्यानं गाडी लावली आणि ग्लास हातात फिरवत राहिला.

"एक विचारायचं आहे. मी लीडचं सोडून राहिलो. डॉक्टरचंही तेच म्हणणं आहे, काही दिवस असं काम घे, जिथं फोन नाही. ट्रेनिंगमधे जागा आहे."

"मयुराकडे?"

"मयुराकडे. तिनंच विचारलं. शेजारची खुर्ची, दिवसभर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू नाही म्हटलं तं नाही घेत. खरंच."

माझ्या आत तव्यावर पाणी पडलं. चर्र. तेच, तसंच. मी त्याला पडू दिलं. समोर धुराड्यांतून पांढरी वाफ वर जात होती, हळूहळू मोकळी होत होती. एका शब्दानं मी त्याला अडवू शकत होते. आणि मग पुन्हा तो जिना, ते कपाळावरचं पाणी...

"घे," मी म्हटलं.

"तुले चालन?"

"नाही चालणार. मी जळणार. ती काही बोलली अन् तू हसला, की जळणार. तुझ्या डब्यातलं ती उष्टं खाईल तं जास्त जळणार. पण ते माझं आहे. त्याच्यापायी तुझा श्वास नको अटकायले."

त्यानं ग्लास खाली ठेवला, आणि कोळशाची धूळ बसलेल्या त्या टपरीवर, चहावाल्यासमोर, माझा हात हातात घेतला.

"अन् जळाली की मले सांगशील?"

"त्याच मिनिटाले. नाही तं वड्या कोणाले जातील, भरोसा नाही."

तो हसला, मग गंभीर झाला. "बाबा घरी असतील का तुझे?"

"पहिल्या पाळीले होते. आता आले असतील. काहून?"

"भेटायचं होतं. पूर्ण नाव सांगून."

"आत्ता?"

"तुझी हिंमत असली तं आत्ता."

आमच्या क्वार्टरसमोर बाबा खुर्ची टाकून बसले होते. मोटरसायकल थांबली तसा त्यांनी पेपर खाली केला. कवडूनं केसांवरून हात फिरवला, शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या सोडून मनगटाची बटणं लावली. त्याचे हात थरथरत होते, आणि तो ते लपवत नव्हता.

मी पुढे झाले आणि फाटक उघडलं.